विश्लेषण : पंक्चर झाला तरी धावणारा ‘रन-फ्लॅट’ टायर घ्यावा की साधा? आधी जाणून घ्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याची गोष्ट

समजा, भोसरीतल्या टायरच्या दुकानासमोर तुमची मोटार उभी आहे. चारही टायर झिजले आहेत. गाडी नवी घेतली तेव्हा कंपनीने ‘रन-फ्लॅट’ टायर बसवून दिले होते, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर धावणारे. त्यामुळे डिक्कीत स्टेपनी नाही. दुकानदार विचारतो, तेच टाकायचे की साधे ट्यूबलेस? रन-फ्लॅट महाग आहेत आणि मागवावे लागतील. साधे आजच मिळतील. पण रात्री घरच्यांना घेऊन नाशिकला निघालात आणि चाकणच्या पुढे टायर बसला तर काय?

भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न रोजच्या जगण्यातला आहे. एमआयडीसीच्या रस्त्यावर कधी स्क्रू, कधी लेथवरचा बर, कधी पत्र्याचा तुकडा पडलेला असतो. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते आणि खड्डाही दिसत नाही.

प्रश्न नवा वाटला तरी तो हवेच्या टायरइतकाच जुना आहे. टायरमध्ये हवा भरली की गाडी मऊ चालते, पण पंक्चरची भीतीही सोबत येते. या दोन्ही गोष्टी एकदमच जगात आणणाऱ्या माणसाचे नाव जॉन बॉइड डनलॉप. आपल्याकडे ‘डनलॉपची गादी’ या शब्दांमुळे हे आडनाव घराघरांत पोहोचले. त्या माणसाने मात्र आयुष्याचा मोठा भाग घोडे आणि गुरे तपासण्यात घालवला होता. त्याच्या आयुष्याची गोष्ट समजून घेतली, तर टायरच्या दुकानातला निर्णय थोडा सोपा होतो.

कोण होते डनलॉप?

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी शेतकरी कुटुंबात झाला. जन्म वेळेआधी झाल्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे, असे त्यांच्या मनात लहानपणापासून बसले होते. आयुष्यभर ते जपूनच राहिले.

एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन १८५९ मध्ये, वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी ते पशुवैद्य झाले. काही वर्षे स्कॉटलंडमध्ये काम केल्यानंतर १८६७ मध्ये त्यांनी आयर्लंड गाठले. भाऊ जेम्स यांच्यासोबत डाउनपॅट्रिक येथे दवाखाना चालवला. पुढे बेलफास्ट शहरातील मे स्ट्रीटवर त्यांनी व्यवसाय थाटला. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय व्यवसायांपैकी एक बनला होता.

त्या काळात शहराची सगळी वाहतूक घोड्यांवर चालायची. मालगाडी, बग्गी, ट्राम ओढणारे घोडे दगडी रस्त्यांवर दिवसभर राबायचे. डनलॉप यांचे रुग्ण हेच घोडे होते. गाडी जितकी जड चालेल तितका घोडा लवकर थकतो, हे त्यांना रोजच्या कामातून दिसत होते. रबर हाताळण्याचाही त्यांना अनुभव होता.

पहिला हवेचा टायर कसा तयार झाला?

वर्ष होते १८८७. डनलॉप यांच्या मुलाकडे, जॉनीकडे, तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांना भरीव रबराची धाव होती. बेलफास्टच्या दगडी फरसबंदीवर ती सायकल चालवणे म्हणजे अंग खिळखिळे करून घेणे होते.

डनलॉप यांनी सुमारे ९६ सेंमी व्यासाची लाकडी चकती घेतली. पातळ रबराची नळी करून ती चकतीभोवती बसवली आणि वरून कापड गुंडाळून घट्ट केली. फुटबॉलमध्ये हवा भरण्याच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग घराच्या अंगणात दोन चाके घरंगळत सोडली. एक सायकलचे जुने चाक आणि दुसरी ही हवा भरलेली चकती. जुने चाक थोडे पुढे जाऊन आडवे झाले. हवेचे चाक अंगणाच्या टोकापर्यंत गेले, फाटकाच्या खांबावर आदळले आणि उसळी मारून मागे आले.

यात जादू नव्हती. कडक चाकाखाली छोटा दगड आला की चाक, आस आणि वरचे वजन असे सगळे उचलले जाते. प्रत्येक उचलण्यात ताकद वाया जाते. हवेचा टायर दगडाला स्वतःत सामावून घेतो. तेवढाच भाग आत दबतो, वरचे वजन फारसे हलत नाही. म्हणून हवेचे चाक मऊ तर चालतेच, शिवाय वेगानेही पळते. डनलॉप यांना सुरुवातीला मुलाला आराम हवा होता. वेग हा त्यावरचा नफा होता.

जॉनीच्या सायकलच्या मागच्या चाकांना असे टायर लावून प्रयोग झाले. जुलै १८८८ मध्ये डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी ते मंजूर झाले. त्यावेळी ते ४८ वर्षांचे होते.

आधी हसले, मग धावत सुटले

नव्या टायरची सायकल दिसायला विचित्र होती. जाड, फुगीर चाके पाहून लोक हसायचे. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर झालेल्या शर्यतींनी हे हसू थांबवले. स्थानिक सायकल क्लबचे कर्णधार विली ह्यूम हवेच्या टायरवर उतरले आणि जिंकले. त्यानंतर लिव्हरपूल येथेही त्यांनी बाजी मारली.

हरलेल्यांमध्ये डब्लिनचे व्यापारी हार्वे डु क्रॉस यांची मुले होती. डु क्रॉस यांना धंद्याची जाण होती. आपल्या मुलांना हरवणाऱ्या गोष्टीत पैसा आहे, हे त्यांनी ओळखले. १८८९ च्या अखेरीस डब्लिनमध्ये हवेचे टायर बनवणारी कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीच्या हवाली केले आणि त्या बदल्यात भागभांडवलात वाटा घेतला.

कारखाना सुरू झाला तशा अडचणीही आल्या. रबर आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनांचा वास शहरात पसरतो, अशा तक्रारी डब्लिनमध्ये झाल्या. अखेर उत्पादन इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीकडे हलवावे लागले. कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्या भोसरीकरांना ही तक्रार ओळखीची वाटेल.

शोध डनलॉप यांचा नव्हताच?

कंपनी उभी राहून फार दिवस झाले नव्हते, तोच १८९० मध्ये मोठा धक्का बसला. डनलॉप यांचे पेटंट ग्राह्य नसल्याचे त्यांना कळवण्यात आले. कारण हाच शोध ४० हून अधिक वर्षे आधी लागलेला होता.

तो शोध लावणारेही स्कॉटिशच होते. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी वयाच्या २३ व्या वर्षी, १० डिसेंबर १८४५ रोजी हवेच्या चाकाचे ब्रिटिश पेटंट मिळवले होते. आत रबर लावलेल्या कापडाची नळी आणि बाहेर चामड्याचे आवरण अशी ती रचना होती. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून प्रात्यक्षिकही झाले होते. पण तेव्हा पायडलची सायकल नव्हती, मोटार नव्हती आणि रबर महाग होते. कल्पना विस्मरणात गेली. डनलॉप यांना तिचा पत्ताही नव्हता.

थॉमसन यांच्या गोष्टीतला पुढचा भाग आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. वाफेवर चालणारी रस्त्यावरची जड इंजिने बनवायला घेतली, तेव्हा त्यांनी स्वतःच हवेचा नाद सोडला आणि १८६७ मध्ये भरीव रबराच्या टायरचे पेटंट घेतले. जड वजन, खराब रस्ता आणि मध्येच थांबून चालणार नाही असे काम असेल, तर मऊपणा सोडून खात्री निवडायची, असा तो निर्णय होता. आज रन-फ्लॅट घेणारा ग्राहक थोड्याफार फरकाने हाच विचार करतो.

कंपनी बुडाली का नाही?

मूळ पेटंटच गेल्यावर डनलॉप यांच्या कंपनीकडे विकायला वेगळे असे काय उरले? याचे उत्तर पंक्चरमध्ये होते.

डनलॉप यांचा सुरुवातीचा टायर चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर काढायचे तर कापड आणि रबर सोडवा, छिद्र शोधा, ठिगळ लावा आणि सगळे पुन्हा चिकटवा. हे काम काही तासांचे होते आणि ते घरच्या घरी कोणालाही जमण्यासारखे नव्हते. शर्यतीसाठी हे चालून गेले. रोज कामावर जाणाऱ्याला ते परवडणारे नव्हते.

१८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या दोन्ही कडांमध्ये तार घालून तो रिमवर बसवण्याची आणि हाताने काढण्याची पद्धत शोधली. आजही टायरच्या कडेत पोलादी तार असते. पंक्चरवाला लोखंडी पट्टी घालून टायर रिमवरून उतरवतो, तेव्हा तो याच रचनेचा फायदा घेत असतो. विल्यम बार्टलेट यांनीही टायर रिममध्ये अडकवण्याची वेगळी पद्धत काढली होती. १८९१ च्या सुमारास चार्ल्स वूड्स यांचा व्हॉल्व्ह आला. साध्या सायकलला असणारा, छोटी रबरी नळी चढवलेला व्हॉल्व्ह तो हाच. कंपनीने या गोष्टींचे हक्क मिळवले आणि त्यावर धंदा उभा केला.

म्हणजे हवेचा टायर जगभर पसरला तो पंक्चर व्हायचा थांबला म्हणून नाही. पंक्चर काढणे सोपे झाले आणि ते काढून देणारा माणूस रस्त्यारस्त्यावर मिळू लागला, म्हणून तो टिकला. स्पाइन रोडच्या कडेला कॉम्प्रेसर आणि पाण्याची टाकी घेऊन बसलेला पंक्चरवाला हा या शोधाचा दुसरा अर्धा भाग आहे.

मोटारीचे काय?

सायकलला जमले ते मोटारीला लगेच जमले नाही. १८९५ मध्ये फ्रान्समध्ये पॅरिस ते बोर्डो आणि परत अशी मोटारींची शर्यत झाली. मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरची गाडी उतरवली. वाटेत इतके पंक्चर झाले की सोबत घेतलेल्या सगळ्या ट्यूब संपल्या आणि गाडी ठरलेल्या वेळेत पोहोचलीच नाही. पण मोटार हवेवर धावू शकते, हे लोकांनी पाहिले. काही वर्षांत प्रवासी मोटारींनी हवेचे टायर स्वीकारले. जड मालमोटारी मात्र १९२० च्या दशकापर्यंत मोठ्या प्रमाणात भरीव टायरवरच चालत होत्या.

पंक्चरवर दुसरा उपाय निघाला तो वेल्समध्ये. लॅनेली गावातील स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचे दुकान होते. त्यांनी १९०४ मध्ये मोटारीसाठी जादा चाक बाजारात आणले. पंक्चर झालेल्या चाकावरच ते अडकवायचे आणि पुढे निघायचे. रस्त्याच्या नावावरून त्याचे नाव पडले स्टेपनी. तो गावातला रस्ता जगाला माहीत नाही. पण भोसरीतला प्रत्येक रिक्षावाला आणि टेम्पोवाला हा शब्द आजही वापरतो.

डनलॉप यांना काय मिळाले?

फार काही नाही. कंपनीच्या कारभारात त्यांचा जीव रमला नाही. १८९५ मध्ये त्यांनी संचालकपद सोडले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, अर्नेस्ट टेरा हूली या धनिकाने ही कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि थोड्याच काळात ५० लाख पौंडांना पुन्हा बाजारात उतरवली. त्या नफ्यात डनलॉप नव्हते.

नाव मात्र त्यांचेच राहिले. टायरवर, पाट्यांवर, जाहिरातींत सगळीकडे डनलॉप. ज्यांचे नाव जगभर फिरत होते, ते गृहस्थ डब्लिनमध्ये शांतपणे राहत होते आणि कापडाच्या एका दुकानाच्या व्यवसायात लक्ष घालत होते. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथेच वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नाजूक प्रकृतीची धास्ती बाळगणाऱ्या माणसाला दीर्घायुष्य लाभले. हवेच्या टायरचा इतिहास सांगणारे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. पुढे उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेच्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले गेले.

भारतात त्यांच्या नावाच्या कंपनीने १९३६ मध्ये पश्चिम बंगालमधील साहागंज येथे टायरचा कारखाना सुरू केला. हवेचे टायर पुढे बैलगाडीलाही लागले. साखर कारखान्याकडे ऊस नेणारी टायरगाडी आपण दरवर्षी गळीत हंगामात पाहतो. ओढणाऱ्या जनावराचे कष्ट कमी करणारा हा टायर एका पशुवैद्याच्या अंगणातून आला होता.

मग ‘रन-फ्लॅट’ कुठून आला?

पंक्चरवरचे दोन उपाय झाले. एक, दुरुस्ती सोपी करणे. दुसरा, जादा चाक बाळगणे. तिसरा उपाय म्हणजे पंक्चर झाला तरी चालत राहणारा टायर. त्यावर काम करणाऱ्यांत डनलॉप कंपनीही होती. १९७० च्या दशकात तिने ‘डेनोव्हो’ नावाचा टायर आणला. हवा गेली की आतला द्रवपदार्थ छिद्राकडे जायचा आणि रबराचे घर्षणही कमी करायचा. ब्रिटनमधील रोव्हर आणि मिनी मोटारींना तो मिळत असे. पण त्याला खास चाक लागायचे आणि बदलताना नेहमीचा टायर चालत नसे. तो फार पसरला नाही.

आजचा रन-फ्लॅट त्यापेक्षा साधा आहे. नेहमीच्या टायरमध्ये गाडीचे वजन मुख्यतः हवेचा दाब पेलतो. हवा गेली की बाजूची भिंत दुमडते, रिम टायरला चिरडते आणि टायर काही मिनिटांत निकामी होतो. रन-फ्लॅटमध्ये या भिंतीत जाड, उष्णता सहन करणारे रबर भरलेले असते. हवा गेल्यावर ही भिंतच गाडीचे वजन उचलते. बहुतेक कंपन्या अशा अवस्थेत ताशी ८० किमीपर्यंतच्या वेगाने ८० किमीपर्यंत जाता येईल, असे गणित ठेवतात. गाडी भरलेली असेल किंवा ऊन कडक असेल, तर हे अंतर कमी धरावे.

थोडक्यात, थॉमसन यांचा भरीव टायर आणि डनलॉप यांचा हवेचा टायर यांच्यातली ही तडजोड आहे. तडजोड म्हटली की दोन्हीकडून काहीतरी सोडावे लागते.

रन-फ्लॅटचा फायदा कधी?

द्रुतगती मार्गावर किंवा महामार्गावर रात्री कडेला थांबून चाक बदलणे हे पंक्चरपेक्षा जास्त धोक्याचे असते. रन-फ्लॅट असेल तर पुढच्या वळणापर्यंत, पंपापर्यंत किंवा घरापर्यंत जाता येते. भरवेगात अचानक हवा गेली तर गाडी ताब्यात ठेवणेही तुलनेने सोपे जाते. एकट्याने प्रवास करणारे, ज्येष्ठ नागरिक, शारीरिक कारणाने चाक बदलू न शकणारे यांच्यासाठी हा मोठा आधार आहे. तुमचा प्रवास पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांदरम्यान होत असेल, तर ८० किमीच्या आत मोठे दुकान मिळण्याची शक्यताही चांगली असते.

तोटा कुठे?

पहिला तोटा बसणाऱ्यांना जाणवतो. भिंत कडक असल्याने खड्ड्याचा धक्का आत जास्त येतो. जॉनीच्या सायकलचा त्रास थोड्या प्रमाणात परत येतो म्हणा ना. हा धक्का रिमलाही बसतो. रन-फ्लॅट टायर वजनालाही जास्त असतो.

दुसरा तोटा दुरुस्तीचा. साध्या ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर पंक्चरवाला दहा-पंधरा मिनिटांत पट्टी घालून देतो. रन-फ्लॅट हवा नसताना धावला असेल, तर त्याच्या भिंतीचे आतून किती नुकसान झाले हे बाहेरून दिसत नाही. म्हणून अनेक कंपन्या अशा टायरची दुरुस्ती न करता तो बदलायला सांगतात. म्हणजे एका खिळ्याची किंमत एक नवा टायर होऊ शकते.

तिसरा तोटा मिळण्याचा. कोकणात किंवा विदर्भाच्या आतल्या भागात ८० किमी गाडी नेली, तरी तिथल्या दुकानात तुमच्या मापाचा रन-फ्लॅट असेलच असे नाही. मग गाडी तिथेच उभी राहते. साधा टायर मात्र तिथलाच पंक्चरवाला दुरुस्त करू शकतो.

साध्या टायरवर जायचे असेल तर काय पाहाल?

१. माप तेच ठेवा. टायरच्या बाजूवर लिहिलेली रुंदी, उंचीचे प्रमाण आणि रिमचे माप जुळले पाहिजे. भारक्षमता आणि वेगमर्यादेचा आकडा कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी नको.

२. चारही एकदम बदला. दोन रन-फ्लॅट आणि दोन साधे अशी भेळ नको. दोघांची भिंत वेगळी वागते, त्यामुळे वळणावर आणि ब्रेक मारताना गाडीचा तोल बिघडू शकतो.

३. स्टेपनीची सोय आधी करा. रन-फ्लॅटसाठी बनवलेल्या अनेक गाड्यांत जादा चाकाची जागाच नसते. मग डिक्कीत चाक, जॅक आणि पाना कुठे बसणार, हे दुकानात जाण्याआधी ठरवा. जागा नसेल तर पंक्चर भरण्याचा द्रव आणि छोटा कॉम्प्रेसर असलेला संच ठेवा. हा संच जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या लहान छिद्रावर चालतो. बाजूची भिंत फाटली तर त्याचा उपयोग नाही.

४. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा चालू आहे ना, ते तपासा. रन-फ्लॅट ठेवणार असाल तर ती अत्यावश्यक आहे, कारण हवा गेल्याचे चालकाला जाणवतही नाही. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, दुरुस्ती संच आणि ही यंत्रणा असेल, तर स्टेपनीची सक्ती राहिली नाही.

५. गाडीची वॉरंटी आणि विमा यांवर परिणाम होतो का, हे संबंधित कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

आपल्या गाडीला रन-फ्लॅट आहेत हे कसे ओळखावे?

टायरच्या बाजूवर खूण असते. ब्रिजस्टोन ‘आरएफटी’, मिशेलिन ‘झेडपी’, कॉन्टिनेंटल ‘एसएसआर’, गुडइयर ‘आरओएफ’, तर डनलॉप ‘डीएसएसटी’ अशी अक्षरे वापरतात. काही टायरच्या मापातच ‘आरएफ’ लिहिलेले असते. टायर कधी बनला तेही तिथेच कळते. चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या खाचांमध्ये झीज दाखवणाऱ्या छोट्या पट्ट्या असतात. खाचेची खोली १.६ मिमीवर आली की रबर या पट्ट्यांच्या पातळीला येते. मग टायर रन-फ्लॅट असो वा साधा, तो बदलायलाच हवा.

मग निर्णय कसा घ्यायचा?

स्वतःला तीन प्रश्न विचारा. तुमचा जास्त प्रवास कुठे होतो? पंक्चर झाल्यावर चाक बदलायला गाडीत कोणी आहे का? आणि तुमच्या नेहमीच्या वाटेवर कोणता टायर मिळतो व दुरुस्त होतो?

प्रवास मुख्यतः महामार्गावर, रात्रीचा आणि एकट्याने असेल, तर रन-फ्लॅटचे जास्तीचे पैसे सुरक्षिततेसाठी दिले असे समजा. रोजची ये-जा भोसरी ते चाकण अशा खड्ड्यांच्या आणि खिळ्यांच्या रस्त्यावर असेल, गावाकडे जाणे-येणे असेल आणि डिक्कीत स्टेपनीला जागा असेल, तर साधा चांगल्या प्रतीचा ट्यूबलेस टायर बहुतेकांना पुरेसा आहे. कोणताही घेतला तरी दोन आठवड्यांतून एकदा टायर थंड असताना हवा तपासा. हवा कमी असलेला टायर गरम होतो आणि हेच अनेकदा टायर फुटण्याचे कारण ठरते.

भोसरीत पुणे-नाशिक रस्त्यावर केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. चाकणमध्ये ब्रिजस्टोनचा टायर कारखाना आहे. याच पट्ट्यात मोटारी बनतात, टायर बनतात आणि पंक्चरही होतात. डनलॉप यांना पंक्चर टाळता आला नाही. त्यांच्या नंतरच्या कुणालाही तो पूर्णपणे टाळता आलेला नाही. पंक्चर झाल्यावर आपण कुठे असू आणि मदतीला कोण असेल, एवढेच आपल्याला आधी ठरवता येते. दुकानदाराला उत्तर देण्यापूर्वी तेवढे ठरवून घ्या.